समोरच्या खुर्चीपुढचा ग्लास

ऑफिसातल्या थंडगार ब्रेड-चीजला वैतागून मी एका दुपारी डेल्फ्ट या डच गावातल्या छोट्या मलेशियन हॉटेलात शिरले. हे जेवण मी पहिल्यांदाच चाखणार होते. मालकीणबाईंनी केळीच्या पानावर नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तळलेली सुकी मासळी आणि झणझणीत लाल चटणी वाढली. सोबत उंचावरून ओतून फेसाळलेला, दुधाचा गोडमिट्ट चहा होता.

पितृपंधरवडा चालू होता. भाऊ पुण्यात बाबांचं सगळं साग्रसंगीत करतो. माझ्या हातून इथे एवढंच होतं, की घरी त्यांच्या फोटोपुढे चहा ठेवते आणि जेवताना पहिला घास पानाच्या कडेला काढते. त्या दिवशीही काढला.

बाईंनी तो घास पाहिला. त्या आत गेल्या, दुसरा ग्लास घेऊन आल्या आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. मग खुर्ची जरा मागे ओढली, जणू कुणाला बसायचं होतं.

"आमच्याकडेही गेलेल्यांना जेवू घालतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मला भरून आलं. मग ग्लासाकडे लक्ष गेलं. त्यात कोरा चहा होता.

"त्यांना माझ्यासारखा का नाही?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

बाई खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "दूध-साखर नको म्हणाले."

बाबांना मधुमेह होता. शेवटची कित्येक वर्षं ते कोराच चहा प्यायचे. आता साखरेने काय होणार, असं म्हणून घरी मी दरवर्षी त्यांच्या फोटोपुढे दुधाचा गोड चहाच ठेवत आले होते.