गाईंमागे झेंड्या घेऊन फिरणारे वामनकाका

वामनकाकांनी अर्धी नोकरी गाई कुठे मुततात हे बघण्यात घालवली.

हसा खुशाल. आम्हीही हसायचो.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

लक्ष्मी गेटजवळ आमच्या शेजारी राहायचे. गवताच्या प्रयोगांवर फील्ड असिस्टंट होते आणि मी त्यांच्या हाताखाली शिकले. टहरौलीकडच्या एका गावात, विहिरीलगतच्या चराऊ रानात ते लाल झेंड्या घेऊन गाईंच्या मागे फिरायचे. गाय मुतली की तिथे झेंडी. झेंडीखाली पाणी आत झिरपू देणारा भाजल्या मातीचा छोटा कप पुरायचा आणि पावसानंतर त्यात झिरपलेलं पाणी ओढून बाटलीत भरायचं.

गाई रामकलीच्या. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काए कक्का, गैया के पीछे का ढूँढ़ रए?"

काका शांतपणे म्हणाले, "तेरे कुएँ का पानी."

तिला तेव्हा कळलं नाही. मलाही नाही.

मग काकांनी समजावलं. मुतातला नायट्रोजन हे गवताचं खाणं. पण पावसाळाभर सगळ्या गाई विहिरीजवळच बांधल्या, गवत मुळापर्यंत खरवडलं गेलं, तर ते खाणार कोण? पाऊस ते खाली नेतो. नायट्रेट होऊन थेट विहिरीत.

रामकलीची नात तेव्हा तान्ही होती. पावडरचं दूध याच पाण्यात कालवायचे. तान्ह्या बाळांना असलं पाणी फार बाधतं.

काकांनी त्याच दिवशी बाळासाठी लांबच्या, तपासलेल्या हातपंपाचं पाणी सुरू करायला लावलं. मग रानाचे चार भाग केले. गाई एका भागात थोडेच दिवस, मग पुढे. मागचं गवत वीतभर वाढल्याशिवाय परत नाही. आणि पावसात विहिरीकडचा भाग बंद.

हे गळी उतरवायला तीन पावसाळे गेले. विहिरीचा रिपोर्ट हळूहळू सुधारत गेला.

आता माझी चोरी सांगते.

पहिल्या वर्षी चिखलाला कंटाळून मी लांबच्या झेंड्यांपर्यंत गेलेच नाही. जवळच्या कपातलं पाणी सगळ्या बाटल्यांत वाटून टाकलं. लेबलं मात्र सुंदर लावली.

काकांनी बाटल्या बघितल्या. "पाचव्या झेंडीजवळ काय होतं गं?"

"काही नाही काका. गवत."

"टिटवीनं अंडी घातलीत तिथे. गेली असतीस तर तिनं ओरडून रान डोक्यावर घेतलं असतं."

रागावले नाहीत. सगळ्या बाटल्या ओतून दिल्या, रिकाम्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "चल बेटा, फिर से करते हैं."

भर चिखलात. माझ्याबरोबर. गुडघे दुखत असताना.

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

ते गेल्यावर रानाकडे कुणी फिरकलं नाही. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू?

गेल्या आठवड्यात विहिरीचं पाणी तपासलं. नायट्रेट पुन्हा वर.

काल मी रानात गेले. सगळ्या गाई विहिरीजवळ बांधलेल्या, जमीन उघडी. आणि रामकलीच्या घरी यंदा दुसरं बाळ आलंय.

बाळासाठी पुन्हा हातपंपाचं पाणी आणायला सांगितलं. ते तिनं लगेच मानलं. गाईंचं काढल्यावर मात्र चिडली. पावसात एवढ्या लांब कोण जाणार म्हणाली. मग हळू आवाजात, "कक्का तौ रए नईं. अब कौन देख रओ?"

आता बघतंय कोण? अगदी हेच मनात धरून मी त्या बाटल्या भरल्या होत्या.

"मैं देख रही हूँ," मी म्हटलं.

आणि पहिली खुंटी उपटली. चप्पल चिखलात रुतली, ती तिथेच सोडली. रामकली बराच वेळ पुटपुटत उभी राहिली. मग दुसरी खुंटी तिनं उपटली.

संध्याकाळपर्यंत गाई पलीकडच्या भागात होत्या.

एका दिवसानं विहीर सुधारत नाही, हे काकांनीच शिकवलंय. तीन पावसाळे लागले तर तीन. चार लागले तर चार.

काका, तुमच्या झेंड्या काकूंकडून मागून आणल्या आहेत. पाऊस झाला की जाते. पाचव्या झेंडीपर्यंत जाईन.

तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.