आबांचा बिनदुधाचा चहा

वडिलांचं, म्हणजे आबांचं, डायलिसिस सुरू झालं तेव्हा आम्ही त्यांना आणि आईला गावाकडून बीडला, माझ्या घरी आणलं. गाव शिरूर कासार तालुक्यात. आठवड्यातून दोनदा केंद्रावर जायचं आणि दिवसभराचं पाणी मोजून प्यायचं. ते सकाळीच एका बाटलीत भरून ठेवत असू. गोळ्या, तहान, चहा, सगळं त्यातच. जास्त झालं की पायांवर सूज येई, धाप लागे, आडवं झोपता येत नसे. दूधही पूर्ण बंद, असं मी घरात सांगितलं होतं.

आबांनी जन्मभर शेळ्या-मेंढ्या राखल्या. रानात तीन दगडांवर पातेलं आणि शेळीची धार थेट त्यात, असा त्यांचा चहा. दुधाची चव घेऊन शेळीनं बाभळीचा पाला खाल्ला की कडुलिंबाचा, हे ते सांगत. अशा माणसाला भुकटीचं काळं, कडू पाणी देणं मला बरं वाटेना. दुधाशिवायच प्यायचा तर नुसत्या पाण्यात चव देणारी पत्ती हवी, म्हणून मी सुटी पत्ती कुरिअरनं मागवली. दार्जिलिंग, आसाम, निलगिरी आणि एक हिरवी.

बाटलीतलं अर्धा कप पाणी चहासाठी काढायचं, उकळी आली की गॅस बंद करून पत्ती टाकायची आणि झाकून ठेवायची. पहिल्या दिवशी आबांनी कपात डोकावून पाहिलं.

“कमी कावून झाला रं?”

“पत्तीनं शोषलं थोडं.”

“म्हंजे माझ्या वाट्याचं पाणी पत्ती पिली?”

त्या दिवसापासून गाळणीतली पत्ती चमच्यानं दाबायचं ठरलं. त्यानं चहा थोडा तुरट होतो, पण पाणी वाया जात नाही.

रोज एक चहा. बशीत ओतून ते पहिला घोट तोंडात बराच वेळ धरत. हिरवा त्यांनी पहिल्याच घोटाला नापास केला. “भिजला कडबा.” निलगिरीला म्हणाले, “वास चांगला हाय, पण अंगात जोर न्हाई. पहिल्या वेताच्या शेळीसारखा.” दार्जिलिंग त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. दुसऱ्या दिवशी तोच मागितला. “करडी फुलल्यावर रानातून चालताना येतो, तसा वास हाय ह्येला. लई हलका.” आसामला म्हणाले, “हा चा हाय. बाकीची पाव्हणी.”

आई या सगळ्यापासून लांब राहिली. मी पत्तीचे डबे काढले की ती स्वयंपाकघरातून उठून बाहेरच्या खोलीत जाई. त्याचं कारण मला माहीत होतं. आमच्याकडे मयताच्या घरी दूध घालून चहा करत नाहीत. मातीला जाऊन आलेल्या माणसांना भावकीतलं कोणीतरी तसा काळा चहा आणून देतं. नवरा समोर बसलेला असताना त्याच्या हातात तोच चहा द्यायचा, हे तिला मान्य नव्हतं. मी तिला एकदा समजावलं. डॉक्टरांचं आहे, रिवाजाचं नाही, असं म्हणालो. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

माझी बातमीदारीची सकाळची कामं सुरू झाल्यावर चहा तिच्याकडे आला. महिनाभर कोणी काही बोललं नाही. एका सकाळी बैठक रद्द झाली म्हणून मी वाटेतूनच परतलो. आबा बशी ओठाला लावत होते. आसामचा चहा गडद असतो, तरी त्यातून बशीचा तळ दिसतो. त्या दिवशी तळ दिसत नव्हता.

“माय, दूध घातलंस?”

“चमचाभर.”

“रोज?”

“रोज. माझ्या हातानं ह्यांना मयताचा चा देऊ व्हय?”

“आबा, तुमाला कळलं न्हाई?”

“मला दूध कळत न्हाई व्हय रं? पिशवीतलं हाय, चमचाभर हाय. पहिल्या दिवशीच कळलं.”

“मग बोलला का न्हाई?”

“बोललो असतो तर तिनं घालायचं बंद केलं असतं.”

मी केंद्रातून मिळालेला आहाराचा छापील कागद आणला. आईला दाखवायला म्हणून तो उघडला आणि मीच वाचत उभा राहिलो. दूध आणि दही मिळून दिवसाला अर्धा कप, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. हे मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. मोजत बसण्यापेक्षा काहीच नको हे पाळायला सोपं, असं मी ठरवलं होतं आणि तेच डॉक्टरांचं म्हणून घरात सांगितलं होतं. बातमीत असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला असता.

पुढच्या खेपेला केंद्रातल्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं. दही देत नसाल तर चहात दोन-तीन चमचे दूध चालेल, फक्त ते पाण्याच्या मापात धरा, असं त्या म्हणाल्या. घरी येऊन मी आईला सांगितलं की बंदी माझी होती, डॉक्टरांची नव्हती. आबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. आई म्हणाली, “मग म्हैनाभर मी चोरासारखी कावून घालत होते?”



दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः आसामचा डबा काढला. बाटलीतलं पाणी मोजलं, पत्ती टाकली, झाकलं, दाबून गाळलं आणि आमच्यासमोर दोन चमचे दूध घातलं. आबांनी निम्मा चहा प्यायला आणि बशी तिच्याकडे सरकवली. ती नको म्हणाली. त्यांनी हात मागे घेतला नाही. तिनं बशी घेतली. इतक्या दिवसांत तिनं त्या चहाची चव पहिल्यांदाच घेतली.

“पाणचट हाय,” ती म्हणाली.

“माझ्या वाट्याचं पाणी हाय ते,” आबा म्हणाले. “सांडू नको.”