कानबाई उठेपर्यंत

देवावर विश्वास आहे का, असं कोणी त्या दिवसांत विचारलं असतं तर मी ‘आहे की’ म्हणालो असतो आणि विषय बदलला असता. खरं सांगायचं तर अकरा वर्षांत मी देवाकडे वळून पाहिलं नव्हतं. केनियात फुलांच्या एका मोठ्या शेतावर ठिबकची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. पंप, फिल्टर, मैलोन्मैल पसरलेल्या नळ्या यांतच माझा दिवस जायचा. बायको आणि मुलगी तिथेच माझ्याजवळ होत्या. मुलगी आठवीत होती. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी आई आणि धाकटा भाऊ सुनील राहतात. श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, एका रात्रीसाठी बसायची, आईचा फोन यायचा, आणि दरवर्षी मी सुट्टी नाही म्हणून सांगायचो. कधी खरंच सुट्टी नसायची, कधी मी मागितलेलीच नसायची.

मग ते शेत विकलं गेलं. नव्या मालकाने स्वतःची माणसं आणायचं ठरवलं आणि आम्हा जुन्यांना पत्रं मिळाली. परदेशात नोकरी गेली की पायाखालची जमीनही जाते, हे मला तेव्हा कळलं. आमचा तिथे राहण्याचा परवाना त्या नोकरीशी बांधलेला होता आणि त्याचे सहा आठवडे उरले होते. मी दिसेल तिथे अर्ज केले. ओमान, घाना, टांझानिया. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी झांबियातल्या एका ऊसमळ्यावर दोन वर्षांच्या कराराचं काम निघालं. फोनवर दोन मुलाखती झाल्या, त्यांना मी पसंत पडलो. कुटुंबही सोबत नेता येणार होतं. फक्त तिथल्या परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला हवा होता. माझा मूळ दाखला गावच्या घरात पत्र्याच्या पेटीत होता, आणि सुनीलने पेटी उघडली तेव्हा आत वाळवीची माती निघाली.

तो दाखला मला धुळ्यातल्या एका लहानशा खासगी संस्थेने दिला होता. संस्था केव्हाच बंद पडली होती आणि ती चालवणारे सर वारले होते. झांबियाच्या कंपनीने समजुतीने घेतलं. संस्थेच्या नोंदवहीतलं माझ्या नावाचं पान आणि मी स्वतः नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र चालेल, म्हणाले. मुदत सोमवारची होती, त्यांच्याकडे दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडे साडेतीन. त्यानंतर यादीतला पुढचा माणूस. बायकोला आणि मुलीला तिथेच ठेवून मी विमानात बसलो आणि शुक्रवारी धुळ्याला पोचलो. संस्थेच्या जागी आता फर्निचरचं दुकान होतं. विचारत विचारत शनिवारी संध्याकाळी सरांच्या पत्नीचा पत्ता मिळाला. त्या अक्कांनी मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. घर लहान म्हणून त्यांनी सरांच्या सगळ्या वह्या गेल्याच आठवड्यात सोनगीरच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. “मला काय ठाऊक, कोणाला लागतील म्हणून,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

रविवारी दुपारी सुनीलची मोटारसायकल घेऊन मी सोनगीरला गेलो. भंगारवाले म्हणजे साठीचे रघुनाथ नाना. त्यांचं घर आणि गोदाम एकाच आवारात. आवार शेणाने सारवलेलं, दाराला तोरण, आत बायकांची गडबड. चौरंगावर कानबाई नुकतीच बसवली होती. नारळाला डोळे-नाक, नथ, अंगावर नवं पातळ. मी वरवर हात जोडले आणि नानांना कामाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“बठ्ठी रद्दी गोदाममाच शे, भाऊ,” ते म्हणाले. “पन आज नही. घरमा कानबाई बठेल शे. सकाय ती उठी जाई, मंग मी सोता कुलूप उघाडसू.”

देवी बसलेली असताना ते धंद्याचं कुलूप काढणार नव्हते. कानबाई उद्या, सोमवारी उठायची, मिरवत नदीवर जायची. म्हणजे बारा तरी वाजणार. मी विनवण्या केल्या, मुदत सांगितली, मुलीच्या शाळेचं सांगितलं. नाना मान हलवत राहिले. मग माझा तोल सुटला. त्यांच्या दारात, त्यांच्या सुनांच्या देखत मी म्हणालो, “तुमच्या देवीला काय कळतं माझ्या नोकरीचं?” शब्द तोंडातून गेले आणि आतली गडबड थांबली. नाना रागावले नाहीत. “तिले नही कळत तं नको कळो,” ते म्हणाले. “तू सकाय ये.”

घरी परतताना रस्त्यातच मला एका जुन्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. मी काय शोधतोय हे त्याच्या कानावर गेलं होतं. धुळ्यात त्याचं छपाईचं दुकान आहे. “कशाला वणवण करतोस? शिक्का, सही, जुना कागद, सगळं होतं. सोमवारी दहाला ये, तीनला दाखला घेऊन जा.” मी नाही म्हणालो नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण मी ‘येतो’ म्हणालो. शिक्षण मी खरंच घेतलं होतं, मग कागद खोटा असला म्हणून काय बिघडलं, असं मी स्वतःला समजावलं. बायकोला फोन करून सांगितलं तेव्हा तिने आधी किती वाजता, कुठे, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, “तिथे जाऊन रोज भीतीत राहायचं असेल तर मला नको. पण तुम्ही ठरवा.”

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर होती. “उना का रे भाऊ? हातपाय धोई ले,” एवढंच म्हणाली. आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. निवडून, दळून त्याचेच रोट करतात आणि ते घरच्यांनीच खायचे असतात. जेवताना मी सहज विचारलं, “या वर्षी माझेही घेतले का?” आईने माझ्याकडे पाहिलं. “दरसाल तुन्ही मूठ टाकस मी. तू ये का नको ये.” बाकी काही नाही, तक्रार नाही. अकरा वर्षं माझ्या वाट्याचे रोट या घरात भाजले जात होते आणि कोणीतरी ते खात होतं. तरी सकाळी धुळ्याला जायचं माझं ठरलेलंच होतं. मन भरून येणं वेगळं आणि बुद्धी ताळ्यावर येणं वेगळं.

सोमवारी नऊला निघालो. शिंदखेड्याकडून येणारा रस्ता सोनगीरला मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथून धुळं अर्ध्या तासावर. पण सोनगीरमध्येच मला थांबावं लागलं. चहूबाजूंनी कानबाया निघाल्या होत्या. पुढे वाजंत्री, मागे डोक्यावर चौरंग घेतलेल्या बायका, फुगड्या. गाडी पुढे काढायला जागाच नव्हती. घड्याळ पाहत मी एका पायावर गाडी तोलून उभा होतो. तेवढ्यात गर्दीतून नाना पुढे आले. त्यांच्या एका हातात पूजेचं ताट होतं आणि दुसऱ्या हाताने ते थकलेल्या म्हाताऱ्या बहिणीला धरून चालले होते. मला पाहून त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. जणू मी त्यांच्याकडेच यायला निघालो होतो. “धर हाई,” म्हणून त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि बहिणीला दोन्ही हातांनी सावरलं.

ताटात निरांजन जळत होतं. ते खाली कुठे ठेवणार, आणि कोणाला देणार? मी गाडी एका दुकानाच्या कडेला लावली आणि वाऱ्यापासून ज्योतीला हाताचा आडोसा करून चालू लागलो. खिशात फोन थरथरत होता. छपाईवाला असणार. दोनदा, तीनदा वाजून तो बंद झाला. नदीवर पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. आता धुळ्याला जाऊन ते काम होण्यासारखं नव्हतं. मला वाटलं होतं की घाबरून जाईन. पण एक दार बंद झाल्यावर दुसऱ्याकडे बघण्याशिवाय इलाज उरत नाही, तसं झालं. बायकांनी कानबाईला पाण्यात पोचवलं तेव्हा काठावर उभा राहून मी मनात म्हणालो, काल वेडंवाकडं बोललो, क्षमा कर. नोकरी मागायचं मला त्या क्षणी सुचलं नाही.

साडेबाराला नानांनी गोदाम उघडलं. पोत्यांवर पोती रचलेली. नाना, त्यांचा मुलगा आणि मी, तिघांनी एकेक पोतं उलटं केलं. शाळेच्या वह्या, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका. अक्कांच्या घरची पोतीही सापडली, पण त्यांत नुसते सुटे कागद होते. तेव्हा मुलाला आठवलं. जाड पुठ्ठ्याच्या वह्या वेगळ्या काढून त्याने शुक्रवारच्या टेम्पोत पाठवल्या होत्या. त्या एव्हाना कागद कारखान्यात लगदा झाल्या असतील. त्याचा चेहरा उतरला. दीड वाजला होता. मी पोत्यावर बसलो. रडू आलं नाही, राग आला नाही. ‘आता तू बघ’ एवढे तीन शब्द मनात आले, आणि ते मी कानबाईला म्हणालो की आईला, हे आजही मला सांगता येणार नाही.

नाना म्हणाले, “चाल, पानी पी.” आम्ही घरात गेलो. आत त्यांची धाकटी सून देवीची जागा आवरत होती. त्या कोपऱ्यात जमीन खोलगट होती म्हणून चौरंग उंच करायला खाली काहीतरी रचून त्यावर नवं कापड घातलेलं होतं. नदीवर चौरंग गेला होता, खालची ती बैठक तशीच होती. सुनेने कापड ओढलं आणि खाली जाड पुठ्ठ्याच्या आठ वह्या दिसल्या. नाना जागीच थबकले. “ह्या मीच काढी ठेयेल व्हत्यात,” ते हळू म्हणाले. “शुक्रवारे, टेम्पो भरानं पहिले. मन्हा ध्यानमाच नही राह्यनं.”

सहाव्या वहीत माझं वर्ष होतं. निळ्या शाईत सरांचं अक्षर, माझं पूर्ण नाव, गुण, आणि शेवटी माझी एकोणिसाव्या वर्षाची सही. आदल्या दिवशी मी वरवर हात जोडले ते याच वह्यांसमोर, आणि त्याच दारात तसं बोललो होतो. पण थांबायला वेळ नव्हता. नानांनी आठही वह्या पिशवीत घालून माझ्या गळ्यात अडकवल्या. धुळ्यात नोटरीचा शिक्का पडला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पान पाठवलं, प्रतिज्ञापत्र पाठवलं, आणि साडेतीनला पाच मिनिटं असताना झांबियाहून उत्तर आलं, ‘मिळालं.’ मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बायकोला फोन लावला आणि मला बोलताच येईना. तीच म्हणाली, “कळलं मला.”

कोणी म्हणेल, योगायोग. मी वाद घालत नाही. कोपऱ्यातली जमीन खोलगट होती, हे खरंच आहे. मला एवढंच माहीत आहे की माझ्या युक्तीने मी दहा वाजता एका खोट्या कागदापाशी पोचणार होतो, आणि माझ्या हातातून ती युक्ती अलगद काढून घेतली गेली. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मी समजत होतो. नाही. मी पोती उपसतच होतो. फक्त शेवटी काय निघेल यावरचा हक्क सोडला होता, आणि तोही स्वतःहून नाही, सोडावा लागला म्हणून.

आता झांबियात येऊन आम्हाला वर्ष होईल. त्या आठ वह्या आईच्या घरी आहेत, या वेळी लोखंडी कपाटात. सुरुवातीला मला त्यांचं काय करावं ते सुचलं नव्हतं. मग सुनीलने एकदा सगळ्या चाळून पाहिल्या आणि म्हणाला, “दादा, यात तुझ्यासारखी शेकडो माणसं आहेत.” आम्ही अक्कांना कळवलं, कोणी विचारत आलं तर आमच्याकडे पाठवा. आजवर तिघे आले. त्यांतला एक तर पार भडगावहून. चौथ्याचा फोन परवा थेट माझ्याकडे आला, कतारहून. माणूस घाईघाईने, घाबरून बोलत होता. त्याचा करार संपत आला होता, दुसऱ्या देशातलं काम हाताशी होतं, दाखला हरवला होता, आणि कोणीतरी त्याला ‘करून देतो’ म्हणालं होतं. मी त्याला मध्येच थांबवलं.

“सावकाश सांगा,” मी म्हणालो. “तुमचं वर्ष कोणतं?”