रशीदभाऊची नवारीची झोळी

त्या दुपारी हेलिकॉप्टर रशीदभाऊशिवाय रुग्णालयाच्या मैदानावर परतलं, याचं मला काहीच वाटलं नाही. त्याच्या जोडीचा मदतनीस विलास, त्यानं अडलेल्या बाईला खाली घेतलं, मागून तिची सासू उतरली, आणि मी प्रसूतीच्या गडबडीत लागले. वजन जास्त झालं की रशीदभाऊ गावातच उतरून राहतो, दुसऱ्या खेपेला येतो, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. "माह्या एकट्याच्या वजनात दोन बाळंतिणी येतेत, बाई," असं तोच हसून सांगायचा. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप आला... रशीदभाऊ गेला. महिना होत आला, पण मला ते अजून पटत नाही.

गडचिरोलीतल्या शिंप्याचा हा मुलगा बचाव हेलिकॉप्टरवर मदतनीस होता. दार उघडायचं, रुग्णाला पट्टा बांधायचा, दार लावायचं, एवढंच काम. रुग्णाला उपचार म्हणून हात लावायचा नाही, असा नियमच होता. एकदा भामरागडकडून आणताना एक बाळंतीण रक्त जाऊन त्याच्यासमोर संपली. तो तसाच माझ्या वॉर्डात आला, बुटांवर रक्त होतं. मी इथली परिचारिका, एवढीच आमची ओळख.

"बाई, मी नुसता पाहात बसलो होतो," तो म्हणाला. "मले रक्त थांबवाचं शिकवा."

मी शिकवलं. चादरींच्या खोलीत, उशीला पोट मानून. तो विलासला घेऊन आला, मग बाकीच्यांना. वैमानिक नाकं मुरडायचे, डॉक्टर म्हणायचे, हे काय नवीन खूळ! पण रशीदभाऊ चिवट माणूस, साहेबांच्या दारात ठाण मांडून त्यानं मंजुरी मिळवलीच. रक्त थांबवायला पोट चोळणं, छाती दाबणं, श्वास देणं सगळ्यांना येऊ लागलं. आमच्याकडे गावकरी रुग्णाला खाटेवर घालून आणतात, खाट हेलिकॉप्टरच्या दारात मावत नाही, मग हातापायांना धरून उचलताना मोडलेल्या हाडाचा माणूस किंचाळतो. त्यावर त्यानं वडिलांच्या मशीनवर नवारीची झोळी शिवली. "खाटेचीच नवार आहे, लोकाईले भेव नाई वाटत," म्हणाला. त्याचं पुढचं वेड म्हणजे गावोगावच्या आशाताईंना हेच शिकवायचं. आम्ही पोचेपर्यंत कोण पाहील, हा त्याचा एकच धोशा होता. वरून उत्तर आलं, पावसाळ्यानंतर बघू.

त्या दिवशी पुरानं वेढलेल्या गावातल्या शाळेच्या मैदानावर सासू सुनेचा हात सोडेना. वजन जास्त होत होतं. रशीदभाऊ उतरला.

"तू जा," तो विलासला म्हणाला. "तिची नाडी पाहात राहा. मी दुसऱ्या खेपेले येतो."

दुसरी खेप झालीच नाही. ढग टेकडीवर बसले, उड्डाण बंद झालं. संध्याकाळी त्याच्या छातीत कळ आली. गावकऱ्यांनी त्याला खाटेवर घेतलं, पण नाल्याला छातीभर पाणी, ते परत फिरले. तो निपचित पडला तेव्हा आशाताई शेजारी बसून त्याचे तळवे चोळत होती. छाती दाबायची, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं... विलास ऐकून भिंतीवर डोकं आपटत राहिला. बाई वाचली, बाळही. त्या बाळाकडे पाहताना मला आनंद होतो आणि लगेच त्याची लाज वाटते.

चौकशी झाली. निष्कर्ष काय, तर मदतनीसांना नको ते शिकवल्यामुळे ते नको तिथे उतरतात! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. प्रशिक्षण बंद, झोळीही बंद, जुना नियम पुन्हा लागू. विलासनं बदली मागून घेतली. मी साहेबांपुढे हात जोडले, भांडले, रडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

झोळी माझ्या खोलीतल्या खिळ्याला आहे. हेलिकॉप्टरच्या पंख्याचा आवाज आला की मी ती घेऊन मैदानाकडे धावते. काल एक म्हातारा आणला होता. दार उघडून नवा मदतनीस खाली उतरला. मी झोळीचं एक टोक त्याच्यापुढे धरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग झोळीकडे, आणि हात मागे बांधून बाजूला उभा राहिला.