बाटलीतला तुकडा

मला सगळ्यांची नक्कल येती. मायच्या वरच्या पापणीला रांजणवाडी झाली तवा तिचीबी केली. एक डोळा मिटायचा, पदरानं पुसायचा. माय लई हसायची.

ती रांजणवाडी दोनदा कापली, दोनदा तिथंच परत आली. पापणीचे केस झडले. तिसऱ्या खेपंला नेकनूरच्या डॉक्टरनं कापलेला पिवळट तुकडा बाटलीत टाकला, वर उग्र वासाचं पाणी वतलं. मला म्हणले, "आजच बीडच्या लॅबला दे. सारखी सारखी येतेय, केस गेलेत. कॅन्सर नाही ना, ते बघू. पापणीचा कॅन्सर फार कमी लोकांना होतो, पण होतो."

मामाच्या गाडीवर निघालो. बाटली शर्टाच्या खिशात. गचका बसला की तुकडा आत नाचायचा. वासानं मला वकारी यायला लागली.

मामा माळकरी. म्हणला, "आधी नारायणगडाचं दर्शन करू, तुझ्या मायच्या डोळ्यासाठी. खिशात काय हाय रं?"

"मायच्या पापणीचा तुकडा."

मामानं कचकन ब्रेक दाबला. "मांस घिऊन गडावर? लाज हाय का? फेक ते!"

"लॅबला द्यायचंय, मामा."

"कापलं म्हंजे गेलं. आता काय तपासायचं त्याचं?"

खरं सांगतो, मला तेच ऐकायचं हुतं. बाटली मीच बाभळीत भिरकावली. गडावर हात जोडले. घरी येऊन डॉक्टरच्या आवाजात म्हणलो, "रिपोर्ट चांगला आहे, ताई." माय हसली आन् ऊसतोडीला गेली.

पट्टा पडला, तोडीचा हंगाम संपला, तवा आली ती अर्धी पापणी सुजवून. पू, रक्त, कुजका वास. मोठ्या दवाखान्यात कॅन्सरच निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "तेव्हा कळलं असतं तर थोडीशीच पापणी गेली असती. आता सगळी जाईल. डोळा राहतो का बघू." वरची पापणी काढली, खालची वर वढून शिवली. कित्येक आठवडे डोळा बंद. मला माझ्या हाताचीच किळस यायची. साबणानं धुवायचो, वास काय जायचा न्हाई.

मग ती वढलेली पापणी मधून कापून डोळा उघडला. डोळा राहिला. ह्या खेपंला काढलेल्या तुकड्याच्या कडंला कॅन्सर न्हाई, असा कागद आला. माय म्हणली, "सांग की रं, त्या डॉक्टरच्या आवाजात."

मी तोंड उघडलं. तो आवाज ओठावर आला, पण मी गिळला.

"माय, ती बाटली मी फेकली हुती," मी माझ्याच आवाजात म्हणलो.