दुसऱ्या मुलीचा शेरा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिला संशय होता, असं मला अजून वाटतं. जेवताना ती मध्येच थांबून माझ्याकडे बघायची, विचारायची काहीच नाही. जे विचारत नाहीत त्यांना जास्त कळलेलं असतं का? आता ती नाही, आणि माझीही पंचाहत्तरी उलटून गेली.

संगणकापासून सुरू करतो, कारण तो भाग सांगायला सोपा आहे.

सातपूरला एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाचं संगणकाचं काम अंगावर घेतलं. कुणाही मुलीची माहिती मागितली की मी लिहिलेलं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, चालायचं. ते आतल्या आत एक टेंपररी टेबल बनवायचं. कच्च्या कामाची पाटी समजा. त्या मुलीबद्दल मंडळाचा काही शेरा असला तर तो पाटीवर उतरायचा, आणि पाटीवर असेल ते सगळं माहितीच्या तळाशी छापलं जायचं. माहितीच्या साठ्याशी जोडलेलं कनेक्शन बंद झालं की अशी पाटी आपोआप नाहीशी होते. म्हणून ती पुसण्याची ओळ मी लिहिलीच नाही. पाटी आधीची असेल तर नवी करू नकोस, एवढं मात्र आठवणीने लिहिलं होतं.

पुढे मंडळात गर्दी वाढली, काम हळू चालतं अशी ओरड झाली. मी कनेक्शन बंद न करता उघडंच ठेवण्याची सोय केली — एकाचं काम झालं की तेच दुसऱ्याला. सगळे खूश. माझा सत्कारही झाला, शाल आणि नारळ देऊन. पण पाटी नाहीशी व्हायची थांबली होती. आधीच्या मुलीचा शेरा तसाच राहायचा आणि पुढच्या मुलीच्या नावाखाली छापून यायचा. बहुतेकींना शेरा नसतोच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? चूक कुणाच्याही हातून होते. खरं आहे. मी स्वतःला इतकी वर्षं हेच ऐकवलं. पण मला त्या चुकीबद्दल सांगायचंच नाहीये.

माझा मित्र दत्तू मखमलाबादच्या बाजूला गुलाबाची शेती करतो. त्याची मुलगी वैशाली. तिला सिन्नरचं स्थळ आलं होतं, मुलगा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत नोकरीला. दत्तूची मेहुणी, म्हणजे त्याच्या बायकोची, मंगलवहिनींची धाकटी बहीण शकू, सिन्नरलाच दिलेली. बोलणी तिच्याच घरी झाली. पत्रिका जुळली, पेढे वाटले गेले. साखरपुड्याची तारीख तेवढी राहिली होती.

अशात एका दुपारी मुलाचे काका मंडळात आले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. वैशालीची माहिती, मंडळातूनच पाठवलेली. तळाशी शेरा होता: ‘पूर्वी साखरपुडा मोडलेला. कारण कळवलेले नाही.’

‘हे खरंय का, साहेब?’

वैशाली फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मी तिला बघतोय. काय घडलंय ते मला उभ्या जागी कळलं. नाही, खोटं आहे, माझी चूक आहे — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘बघून कळवतो.’

का? त्या आठवड्यात अशी किती माहिती बाहेर गेली असेल, हा विचार आधी आला. मग डोळ्यांपुढे मंडळाचे अध्यक्ष आले. मग ती शाल. वैशाली शेवटी आठवली.

काका भले होते. जाताना म्हणाले, ‘खरं असलं तरी मुलीची बदनामी नको. आम्ही पत्रिकेचं कारण सांगू.’ मी त्यांना कधीच कळवलं नाही. त्याच दिवशी फंक्शनच्या सुरुवातीला पाटी पुसण्याची ओळ घातली. आधी कुणाकुणाला चुकीचे शेरे गेले, तेही तपासलं नाही.

स्थळ मोडलं. पत्रिकेचं कारण दत्तूच्या घरात कुणालाच पटेना. जुळलेली पत्रिका बिघडते कशी? दत्तूने मंडळातून वैशालीची माहिती मागवून घेतली. ती स्वच्छ होती — असणारच. मग एकच अर्थ उरला. कुणीतरी भांजी मारली.

संशय घरात शिरला की मागचं सगळं नव्याने दिसायला लागतं. शकूने त्या दिवशी पेढा अर्धाच खाल्ला होता. मुलाच्या आईशी ती आत जाऊन काहीतरी बोलली होती. तिचीही मुलगी लग्नाची होती.

‘लय गोड बोलती, पण पोटातलं कधी कळू द्यायची नाय ती. लहानपणापासून तशीच,’ मंगलवहिनी म्हणाल्या.

‘अगं, तुझी सख्खी बहीण आहे.’ दत्तूला ते पटत नव्हतं. तो माझ्याकडे वळला. ‘आप्पा, तू मंडळात असतोस. तुला काय वाटतं?’

इथे मी नुसता गप्प बसलो असतो, तरी मला वाटतं हे लिहायची वेळ आली नसती.

दत्तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघतोय असं मला वाटलं. त्याला शंका आली की काय? आणि मी म्हणालो, ‘मला बोलायचं नव्हतं. पण शकूने मध्यंतरी याच मुलाची चौकशी केली होती माझ्याकडे.’

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिने चौकशी केली होती. वैशालीसाठीच केली होती — पोरगा बरा आहे ना, काही व्यसन नाही ना. तेवढा भाग मी गाळला.

मंगलवहिनींनी पदर तोंडाला लावला. बहिणी-बहिणींचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

पुढे वैशालीचं लग्न कळवणला ठरलं. मावशीला बोलावणं गेलं नाही. शकूने तरी भाचीसाठी साडी पाठवली. मंगलवहिनींनी ती परत करायचं ठरवलं. नेऊन द्यायला भरवशाचा माणूस हवा होता. तो मी.

एसटीने सिन्नरला गेलो. शकूने पिशवी बघितली आणि ओळखलं. तरी आधी पाणी दिलं, चहा टाकला. मग समोर बसून म्हणाली, ‘आप्पा, तुम्ही तरी सांगा. मी आसं करीन का हो? त्या पोरीला मी न्हाऊ-माखू घातलंय.’

घरात आम्ही दोघंच होतो. तिला माझ्याबद्दल तीळमात्र संशय नव्हता. मी म्हणालो, ‘मी काय सांगणार? मी मधला माणूस.’ चहा संपवला आणि निघालो.

परत आलो तेव्हा मंगलवहिनी दारातच उभ्या होत्या. ‘काय म्हणाली?’ त्यांनी विचारलं. आज आठवतं, त्या विचारण्यात राग नव्हता. काहीतरी म्हणाली असेल, अशी आशा होती. बहिणीचा एक शब्द हवा होता त्यांना.

मी सांगितलं, ‘काही बोलली नाही. साडी ठेवून घेतली.’

ती बोलली होती. तिने विचारलं होतं. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं.