मामांची सक्लिंग

इंग्रजी डिक्शनरी काखेत मारून गोठ्यात जाणारा माणूस अख्ख्या देवणी तालुक्यात एकच, आणि तो माझा सासरा. मी त्यांना मामा म्हणते, गाव गुरुजी म्हणतं. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं, रिटायर झाल्यावर वर्ग गोठ्यात भरू लागला. गाय व्याली की वासराजवळ बसायचं आणि येईल त्याला धडा द्यायचा, "सक्लिंग म्हणजे अंगावर पितं पिल्लू. 'सक' म्हणजे चोखणं. शब्दाचं शेपूट डकलिंग, म्हणजे बदकाचं पिल्लू, त्या शब्दातलंच हाय. लई जुना शब्द!" दूध न्यायला आलेली बाई लोटा घेऊन ताटकळायची, तोवर वासरू दोन सड पिऊन मोकळं. सासूबाई ओरडायच्या, "शब्द वासराला, दूधबी वासराला, अन् आम्हाला कोरा चहा!"

माझी लेक चार महिन्यांची झाली आणि रजा संपली. नोकरी लातूरला. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी इथंच ठेव, गाईचं पाजू." त्यांचंही काही चुकत नव्हतं, पण मी पदरात तोंड घालून रडले. मामांनी डिक्शनरी उघडली. "सक्लिंगला हितं वयाची अट न्हाई. पिते तोवर आईजवळ," म्हणाले, आणि पिशवी भरून आमच्या लातूरच्या दोन खोल्यांत राहायला आले.

मग रोज दुपारी एकला लेकीला खांद्यावर टाकून, छत्री धरून मामा कचेरीच्या फाटकात हजर. लाज मलाच वाटायची, त्यांची लाजेशी ओळखच नव्हती. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी अडवलं, "लेकरू आत चालणार न्हाई." मामांनी साहेबांना फाटकातच उभं करून शब्दाचं मूळ-कूळ सांगायला घेतलं. वीस मिनिटं! इकडे लेक भुकेनं टाहो फोडत होती. शेवटी साहेबांनीच हात जोडले, "गुरुजी, रेकॉर्डची खोली घ्या, पण आवरा!" त्या दिवसापासून मी आत पाजायची आणि मामा दाराकडे पाठ करून पहारा द्यायचे. कचेरी हसायची. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटायचं.

लेक दीड वर्षाची झाली. एका दुपारी तिनं माझ्याकडे पाठ फिरवली आणि वॉचमनच्या डब्यातल्या भाकरीला हात घातला. चार दिवस तेच. "आता हिला तो शब्द लागू न्हाई," मामा मोठ्या ऐटीत म्हणाले आणि उगीचच चष्मा पुसत बसले. लेकीला शेजारच्या मावशींकडे सोपवून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं देवणीला गेले. थांबा म्हणायचं मला सुचलंच नाही.

एक वाजता मी सवयीनं फाटकाशी गेले. वॉचमन म्हणाला, "ताई, कुणाची वाट बघून राहिल्या?" लेकीचं दूध सुटलं, पण मामांची सवय मला सुटेना.